'सराफा वेक्स अप' : एका वाक्यावर अडलेली तपासणी

दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासताना व्याकरण भराभर निघतं, खोळंबा होतो तो फिगर्स ऑफ स्पीचपाशी, म्हणजे इंग्रजीतल्या अलंकारांपाशी. त्या रविवारी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या क्लासमध्ये पेपर तपासणारे आम्ही तिघं एकाच वाक्यावर अडून बसलो. वाक्य अस्सल इंदुरी: 'द सराफा वेक्स अप व्हेन द ज्वेलर्स गो होम.' रात्री सराफा बाजारातल्या सोन्याचांदीच्या दुकानांची शटर्स पडली की त्यांच्यापुढेच भुट्ट्याचा कीस, जिलबी, हिवाळ्यात गराडू असं सगळं मांडलं जातं, त्यामुळे अर्थ कोणालाच अडला नव्हता. अलंकार ओळखायचा होता आणि एका ओळीत कारण द्यायचं होतं. उत्तराला एक मार्क, कारणाला एक. बहुतेकांनी पर्सॉनिफिकेशन लिहिलं, म्हणजे निर्जीवाला सजीव करणं. काहींनी मेटाफर, म्हणजे रूपक. आणि मोजक्या मुलांनी मेटॉनिमी (एखाद्या गोष्टीऐवजी तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीचं नाव घेणं) लिहून खाली कारण दिलं होतं, 'सराफा म्हणजे इथे जागा नाही, तिथली माणसं.' या कारणापाशी लाल पेन थांबलं.

ते वाक्य बाजूला ठेवून आधी बाकीचे पेपर पाहिले. बऱ्याच चुकांचं मूळ एकच निघालं: मुलं वाक्य वाचत नाहीत, खुणेचा शब्द शोधतात. ही सवय इंग्रजीच्या तासाला लागलेली नाही. हिंदीत 'सा, सी, से, सरिस' दिसलं की उपमा, 'मानो, जनु' दिसलं की उत्प्रेक्षा. घरी मराठी शिकवणारी आजी असेल तर 'जणू, गमे, भासे' ही यादी वेगळी. तोच हिशेब इंग्रजीला लावला की 'लाइक' आणि 'ॲज' दिसताक्षणी सिमिली, म्हणजे उपमा, लिहून मोकळे. 'आय लाइक पोहा विथ जीरावन' या वाक्यापुढेही एकाने सिमिली लिहिलं होतं! इथे 'लाइक' हे साधं क्रियापद आहे. 'ही वर्क्स ॲज अ क्लार्क' यात नुसती नोकरी सांगितली आहे. 'शी इज ॲज टॉल ॲज हर मदर' यात तुलना आहे खरी, पण ती फूटपट्टीने मोजता येईल अशी. सिमिलीसाठी दोन वस्तू वेगळ्या जातीच्या लागतात आणि साम्य एका गुणापुरतं लागतं. 'ही रन्स लाइक हिज ब्रदर' ही सिमिली नव्हे, 'ही रन्स लाइक अ डिअर' ही सिमिली. आणि आपली उत्प्रेक्षा? इंग्रजी पेपरात तिला वेगळा रकाना नाही. 'ॲज इफ', 'ॲज दो' वाली कल्पना बहुतेक ठिकाणी सिमिलीतच धरतात. 'जणू' शोधणाऱ्या मुलांना हे स्पष्ट सांगून टाकावं.

मेटाफरला खूणच नसते, म्हणून तिथे गळती जास्त. 'द एक्झाम हॉल वॉज ॲन अव्हन' सगळ्यांना जमलं, कारण आपल्या रूपकासारखं 'अमुक म्हणजे तमुक' तिथे उघड दिसतं. 'अ ब्लँकेट ऑफ फॉग' थोड्यांनी ओळखलं. 'द ट्रॅफिक क्रॉल्ड थ्रू राजवाडा' मात्र बहुतेकांनी साधं वाक्य समजून सोडून दिलं. इथे रूपक क्रियापदात दडलेलं आहे: सरपटणं हे प्राण्याचं, ते वाहनांना लावलंय. उलट 'द लेग ऑफ द टेबल' असली वाक्यं पेपरात घालूच नयेत. ते रूपक वापरून वापरून इतकं झिजलंय की टेबलाच्या त्या भागाला दुसरं नावच उरलेलं नाही, आणि मुलगा 'साधं वाक्य' म्हणाला तर त्याला चूक कसं म्हणणार?

ट्रान्स्फर्ड एपिथेटपुढे (एकाचं विशेषण दुसऱ्याला लावणं) सरसकट पर्सॉनिफिकेशन लिहिलेलं होतं. 'शी ड्रँक अ नर्व्हस कप ऑफ टी.' घाबरलेला चहा नाही, ती. पारख अशी: ते विशेषण ज्याला खरोखर लागू पडेल असं माणूस वाक्यात आहे का? असेल आणि विशेषण उचलून त्याच्याकडे नेल्यावर वाक्य सरळ होत असेल, तर ट्रान्स्फर्ड एपिथेट. 'द क्रूएल सन ऑफ मे' यात क्रौर्य परत करायला कोणी माणूसच नाही, म्हणून ते पर्सॉनिफिकेशन.

ॲलिटरेशनला (शब्दांच्या सुरुवातीला तोच आवाज पुन्हा येणं) मात्र आपल्या मुलांजवळ एक हत्यार आहे, ते वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. वाक्य देवनागरीत लिहायचं, बस. 'सिटी' आणि 'क्राऊड' इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, देवनागरीत लगेच वेगळे पडतात. 'चीफ' आणि 'शेफ' तसेच. उलट 'नाइफ', 'नी' आणि 'नाइट' यांचं नातं देवनागरीत आपोआप दिसतं. फक्त 'व'पाशी सांभाळायचं: 'व्हॉट' आणि 'व्हिलेज' यांना आपण एकच 'व्ह' लावतो, इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत.

मग पुन्हा सराफ्याकडे. आमच्यातल्या एका मॅडमचं म्हणणं, जागेचं नाव घेऊन माणसं सांगितली, म्हणजे मेटॉनिमीच, पूर्ण मार्क द्या. दुसऱ्या सरांचं, जागं होणं हे सजीवाचं काम, पर्सॉनिफिकेशन सोडून दुसरं काही चालणार नाही. वाद तोडायला बदली करून पाहिली: नावाच्या जागी खरी माणसं ठेवा आणि वाक्य शब्दशः खरं होतं का पाहा.

आधी त्याच पेपरातलं सोपं वाक्य घेतलं: 'इंदूर टॉप्ड द क्लीनलिनेस रँकिंग इन 2017.' इंदूरच्या जागी महापालिका आणि नागरिक ठेवले की वाक्य पूर्ण खरं होतं, काही शिल्लक राहत नाही. शुद्ध मेटॉनिमी. दुसरं वाक्य 8 डिसेंबर 2011 चं. त्या दिवशी सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध 219 केले: 'होळकर स्टेडियम रोअर्ड.' स्टेडियमच्या जागी प्रेक्षक ठेवले, तर 'प्रेक्षक गरजले' उरतं. गर्जना मुळात सिंहाची, पण गर्दीला हे क्रियापद इतकं अंगवळणी पडलंय की ते आता खटकत नाही. म्हणून मुख्य मेटॉनिमीच.

आता सराफा. नाव काढून 'खाऊचे दुकानदार' ठेवले. 'सराफ घरी गेले की खाऊचे दुकानदार जागे होतात.' हे खोटंच राहिलं! ते दुकानदार काही रात्रीपर्यंत झोपलेले नसतात, दिवसभर चिराचिरी आणि वाटणघाटण चालू असतं. म्हणजे माणसं आणून बसवली तरी 'वेक्स अप' सरळ होत नाही. दिवसा झोपून रात्री उठणारी आहे ती बाजाराची जागाच, तिलाच सजीव केलंय. पर्सॉनिफिकेशन मुख्य ठरलं. मेटाफर लिहिणारे अगदीच चुकले नव्हते, कारण पर्सॉनिफिकेशन हा मेटाफरचाच एक प्रकार मानतात, पण जवळचं नाव असताना लांबचं लिहिलं तर उत्तराचा मार्क अर्धा. मेटॉनिमी लिहिणाऱ्यांना उत्तराचा मार्क नाही, कारणाचा पूर्ण. सर यावर नाखूश होते, मला मात्र ते योग्य वाटतं. जागेच्या नावामागची माणसं शोधणारा मुलगा 'वेक्स अप' आला म्हणून पर्सॉनिफिकेशन ठोकणाऱ्यापेक्षा वाक्य जास्त वाचत होता.

पुढच्या पेपरपासून प्रश्नाची सूचनाच बदलली. आधी वाक्यातला शब्दशः खरा नसलेला शब्द अधोरेखित करायचा, मग तो कोणत्या नात्याने आला ते लिहायचं: साम्य, सान्निध्य, अंश, अतिशय की विरोध. अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी. ॲलिटरेशनसारख्या नादाच्या अलंकारांत शब्द खरेच असतात, म्हणून त्यांचा प्रश्न वेगळा काढला. 'टाइम फ्लाइज' हे वाक्य त्या पेपरातून वगळलं, कारण उडणं माणसाचं नाही म्हणून ते मेटाफर असं मी म्हणतो, आणि मॅडम अजून पर्सॉनिफिकेशनवर ठाम आहेत.