प्रभूवर सोपवलंय, मग पहाटेचा गजर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारणारे तुम्ही एकटे नाही. बँकेतल्या मैत्रिणी विचारतात, चर्चच्या मंडळीतलेही विचारतात, आणि सूर साधारण एकच असतो: "सगळं प्रभूवर सोपवलंय म्हणता ना? मग पहाटे उठून ही घोकंपट्टी कशासाठी?"

घोकंपट्टी ग्रीकची. बायबलचा नवा करार मुळातून, म्हणजे ग्रीकमधून, वाचायचा, हे माझं जुनं स्वप्न. आधी नोकरी, मग लग्न, मुलं, सासूबाईंचं दुखणं यांत ते मागं पडत गेलं. आता ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून क्रियापदाचा तक्ता चिकटवलाय. चहापूड काढायला दार उघडलं की 'लुओ, लुएइस, लुएइ' समोर. कागदाच्या कडेला हळदीची बोटं उमटली आहेत. प्रगती म्हणाल तर बेताचीच.

आता तुमचा प्रश्न. बायबलातल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायातली मान्न्याची, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवानं दिलेल्या अन्नाची, गोष्ट शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, सगळ्यांनी ऐकलेली असते, पण त्यातलं फुकट अन्न तेवढं लक्षात राहतं. जरा बारकाईनं वाचा. मान्ना कुणाच्या तोंडात पडत नव्हता. दव सुकलं की छावणीभोवती जमिनीवर दिसायचा. ज्यानं त्यानं तंबूबाहेर जाऊन माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, गोळा करायचा, आणि तोही सकाळीच, कारण ऊन तापलं की वितळून जायचा. उद्यासाठी ठेवला तर किडे पडायचे. सहाव्या दिवशी दुप्पट, सातव्या दिवशी काहीच नाही. देणारा देवच, पण उठायचं कुणी? मला तर यात गजराची बाजूच घेतलेली दिसते. शिवाय आठवड्याचं एका दिवसात उरकायला जायचं नाही आणि रविवारी वहीला हात लावायचा नाही, हेही त्यात आलंच. पहाटे उठण्यापेक्षा हे दुसरं मला जास्त जड जातं.

पंडिता रमाबाईंना कुणी हा प्रश्न विचारला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या, याची मला फार उत्सुकता आहे. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन हे निराधार बायका-मुलींचं घर उभं राहिलं. पैशाअडक्याचा भार प्रार्थनेवर. देवावर सोपवणं याहून वेगळं काय असतं? आणि त्याच बाई, साध्यासुध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल हवं म्हणून हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करत दीड दशकाहून जास्त काळ भाषांतराला जुंपून घेतात. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटलं, तिनं उतारवयात पुन्हा व्याकरण घेऊन बसायचं! कानांनी ऐकू येणं कमी झालेलं. 1921च्या जुलैत एकुलती एक लेक मनोरमा गेली. काम तरीही चालूच राहिलं. 5 एप्रिल 1922ला बाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. छापील बायबल 1924ला आलं.

ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी. खिळे जुळवणं म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. शिशाच्या एकेका खिळ्यावर उलटं अक्षर, आणि जोडाक्षरांमुळे देवनागरीचे कप्पे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त. त्यांतून नेमका खिळा उचलायचा, ओळ भरायची, प्रूफ काढायचं, चुकलेला खिळा काढून दुसरा बसवायचा. बायबलची सहासष्ट पुस्तकं अशी झाली. शिस्त म्हटलं की आपल्याला एकटा माणूस आणि त्याचा दिवा दिसतो. इथे अख्खं घर कामाला लागलं होतं.

म्हणून "स्वप्न बघा, देव पुरं करील" एवढ्यावर आटोपणारी प्रवचनं मला पचत नाहीत. बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29व्या अध्यायातलं अकरावं वचन, तुमच्याविषयीचे संकल्प मला ठाऊक आहेत असं देव म्हणतो ते, घरोघरी कॅलेंडरवर असतं. पण ते बाबेलात, म्हणजे बाबिलोनमध्ये, धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच पत्रात आधी घरं बांधा, मळे लावा असं सांगितलंय, आणि सुटकेला सत्तर वर्षं लागतील असंही. ज्यांनी ते पत्र ऐकलं, त्यांच्यातले बरेचसे तिथेच मातीआड झाले असणार. कॅलेंडरवर एवढं मावत नाही.

यावर मंडळीतला स्पर्धा परीक्षा देणारा एक मुलगा मला म्हणाला, "मग आयुष्यात पुरं झालंच नाही तर, मावशी?" होऊ शकतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919ला गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य अर्धवट होतं. पुढचे अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईनं महाकाव्य पुढे नेलं. माझ्या वहीचं तसं काही होईलसं वाटत नाही. आमच्याकडे त्या कपाटाचं दार दुसरं कुणी उघडतच नाही.