कोणासाठी घेतेस?

व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या, हातपाय वळवता येणाऱ्या फिगर, म्हणजे छोट्या बाहुल्या, मी विकत घेते. कुरियरवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांचं मला हे विचारून झालंय. परवा हळदीकुंकवाला तुम्हीही विचारलंत, पण तुमच्या विचारण्यात थट्टा नव्हती. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

भाच्यासाठी. अकरा वर्षं मी हेच उत्तर देत आले. भाचा आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, दाढी राखतो, आणि माझ्या कपाटातल्या एकाही फिगरला त्याने कधी बोट लावलेलं नाही. तरी त्याच्या नावावर रियू आला, धालसिम आला, सब-झीरो आला, ढाल-तलवारीसकट लिंक आला. लोकांना उत्तर पटायचं, मला चहा प्यायला मोकळीक मिळायची. खोटं इतकं सोयीचं होतं की ते खोटं आहे हे मीच विसरले होते.

मग ती चवथ आली.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. दुसऱ्या संध्याकाळी भजनाची मंडळी येणार होती आणि मी मागच्या पडवीत काळ्या वाटाण्याच्या टोपाशी. मुंबईहून आलेल्या चुलत दिरांचा सात वर्षांचा मुलगा किरकिर करत होता. सासूबाईंनी माझं कपाट उघडलं आणि चुन-ली, म्हणजे स्ट्रीट फायटर गेममधली लढवय्यी बाई, काढून त्याच्या हातात दिली. किल्ली कपाटालाच होती. आता नीट विचार करा, ह्यात त्यांचं काय चुकलं? मोठ्या झालेल्या भाच्याचं जुनं खेळणं रडत्या पोराला द्यायला कोणाला विचारायचं?

भाद्रपदात आमच्याकडे पापड उघडा राहिला तर त्याचं चामडं होतं. फिगरचंही तसंच. मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधला प्लास्टिसायझर, म्हणजे ते मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य, वर येतो, अंग चिकट लागतं, आणि रंगवलेला सांधा रंगासकट धरून बसतो. कपाटात मी शून्याचा बल्ब लावून ठेवते, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, तरी पावसाळ्यात सांधा हलवायचा तर आधी हेअर ड्रायरने ऊब देते आणि मगच हळूहळू वळवते. पोराने सरळ पिरगळला. फिगरच्या कोपराला दोन सांधे असतात, मूठ खांद्यापर्यंत यावी म्हणून. त्यातल्या खालच्या सांध्याची खीळ तुटली. टाळांच्या गजरात तो आवाज पडवीपर्यंत येणं शक्य नाही, पण मला तो आठवतो. बहुधा नंतर मीच घातलाय.

"काकी, हिचा हात निघाला."

"असू दे रे," मी म्हटलं. त्याला लाडू दिला. मग तीसेक माणसांना उसळ-पाव वाढले, हसून.

खरं दुखणं पुढचं आहे आणि ते पोराने केलेलं नाही. रात्री दीड वाजता मी ती घेऊन बसले. तुटलेली खीळ बारीक ड्रिलने कोरून काढायची, तिथे तारेचा तुकडा बसवायचा, आणि काही झालं तरी सांध्याजवळ पातळ गोंद आणायचा नाही. हे मला माहीत होतं. दुसऱ्यांना मी स्वतः हेच सांगत आले आहे. पण रडू येत होतं, ड्रिल माळ्यावर होतं, आणि माळ्याची शिडी पाहुण्यांच्या खोलीत. मी गोंद घेतला. एकच थेंब. तो फटीतून चढून वरच्या सांध्यातही गेला आणि मिनिटभरात अख्खा कोपर कायमचा बसला. पोराने एक सांधा मोडला. दुसरा धड होता, तो मी घालवला.

समईत तेल घालायला सासूबाई उठल्या होत्या. मला पाहून थांबल्या. "भाच्याचीच मां ती? पोर रडी होता, म्हणान दिलंय."

"भाच्याची नाही, आई. माझी. सगळीच माझी आहेत."

त्या हसतील ह्याची अकरा वर्षांची तयारी होती माझी. त्या हसल्या नाहीत. "मगे आदी सांगूक काय झाला तुका?" एवढंच म्हणाल्या, आणि चिडून म्हणाल्या. बरोबरच आहे. माझ्या खोट्यापायी त्यांच्याच घरात, गणपतीसमोर, मी त्यांना अपराधी करून ठेवलं होतं. तेव्हापासून त्या कपाटाला हात लावत नाहीत, त्यावरची धूळसुद्धा पुसत नाहीत. मान ठेवतात की राग धरलाय, मला कळलेलं नाही.

तर, माझ्यासाठी. पण ह्याने तुमचं समाधान होत नाही, पुढचं 'का' येतंच.

पूर्वी मी भांडायचे. सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी आंबे-केळी आणून शोकेसमध्ये मांडणाऱ्याला कोणी विचारतं का, कोण खाणार आहे म्हणून? पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचे तर सांधे हलतात, आणि ती कला जपणाऱ्या परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने पोस्टी टाकल्या. मग माझ्या सहा इंचांच्या बाईला नाक का मुरडता? हे भाषण मला पाठ होतं. आज ते मलाच खोटं वाटतं. तिथे खर्चलेल्या पैशावर इथलं कोणाचं तरी घर चालतं. माझा पैसा परदेशी कंपनीकडे जातो, आणि वाटेत सरकारकडे: खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. मुंबईचा दुकानदार ते माझ्याच पर्समधून काढतो. घरी मी किंमत निम्मी सांगते. हे खोटं अजून चालू आहे.

दुसरं उत्तर आहे ते लोकांना फार आवडतं. एसटी स्टँडसमोरच्या दुकानात रुपयाच्या नाण्यावर चालणारं मशीन होतं, त्यावर १९९१ चा स्ट्रीट फायटर टू. निवडायला आठ जण, त्यात बाई एकटी चुन-ली. दादा खेळायचा, मी मागे उभी; मुलींनी तिथे थांबायचंही नव्हतं. हे सांगितलं की सगळे "अच्छाऽ" म्हणतात आणि प्रकरण मिटतं. म्हणूनच मला ते सांगावंसं वाटत नाही. खोटं नाही ते. पण मग सब-झीरो कशाला? लिंक कशाला? तो तर मी चाळिशीच्या आसपास पहिल्यांदा खेळले.

मला त्यांना उभं करायला आवडतं. पुतळा नको, वळणारं हवं. खेळात पाव पळ दिसणारी लाथ इथे शोधावी लागते: घोटा किती आत, कंबर किती मागे, भार कुठल्या टाचेवर. स्टँड न लावता चुन-ली एका पायावर राहिली की मी श्वास रोखून बघत बसते. गणित शिकवते, गुरुत्वमध्य फळ्यावर शंभरदा काढलाय. हातात सापडतो तो रविवारी दुपारीच. आता तिचा उजवा कोपर दुमडलेलाच असतो, त्यामुळे भार पुढे जातो आणि जुन्या पोझ जमत नाहीत. दुसरी घ्यावी असं मनात येतं. घेतलेली नाही. घेणारच नाही असंही नाही.

येत्या चवथीला दिरांचा मुलगा येतोय. फोनवर त्याने विचारलं, "काकी, त्या बाईचा हात लागला का?" लागला म्हटलं. किल्ली कुठे ठेवायची ते अजून ठरवलेलं नाही.