उभी रेघ पुसायची, आडवी ठेवायची

माझे बाबा 1971 मध्ये नाशिकजवळच्या ओझरच्या मिग कारखान्यात शीट मेटल फिटर म्हणून लागले. तेव्हा तिथून मिग-21 या लढाऊ विमानाचा एफएल प्रकार बाहेर पडत होता. कारखान्यातले लोक त्याला ‘टाइप 77’ म्हणायचे. सांगाडा आणि जोडणी ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. मी टाउनशिपमध्येच वाढले, पण बाबा तिथे नेमकं काय करायचे ते मला गेल्या वर्षी कळलं, एका प्लॅस्टिकच्या किटमुळे.

विमानांची मॉडेल्स मी सहा वर्षं बनवतेय. बाबा लांबून बघायचे, कधी विचारायचे नाहीत. 2025 च्या जुलैत मिग-21 निवृत्त होणार अशी बातमी आली आणि मी 1/48 मापाचं किट मागवलं. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत 7.15 मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम पंधरा सेंटिमीटर. खोका उघडला तेव्हा बाबा पहिल्यांदा माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

त्यांनी धडाचे दोन अर्धे भाग उचलले, जुळवून बघितले आणि विचारलं, “हे असं उभं का चिरलंय?”

मी सांगितलं, बहुतेक किटमध्ये धड डावं-उजवंच येतं.

“मिग आडवं तुटतं,” ते म्हणाले. मग बोटानं दाखवलं. पंखाच्या मागच्या बाजूला, 28 नंबरच्या फ्रेमशी धडाचे दोन तुकडे होतात. इंजिन काढायचं तर तिथले बोल्ट सोडायचे, अख्खी शेपटी ट्रॉलीवर घेऊन मागे सरकवायची, की इंजिन मोकळं. दुरून ती नुसती एक गोल रेघ दिसते. त्यांनी त्या रेघेवर किती दिवस घालवले असतील याचा हिशेब ते सांगत बसले नाहीत. मीही विचारला नाही.

मॉडेलमध्ये नेमकं उलटं करावं लागतं. दोन अर्धे चिकटवले की पाठीवर आणि पोटाखाली जी उभी सांध उरते, ती खऱ्या विमानात नसते, म्हणून ती पूर्ण घालवायची. आडवी गोल रेघ मात्र असते, ती राहिली पाहिजे. पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून जोडणारा गोंद लावून, वितळलेलं प्लॅस्टिक सांधेतून किंचित वर येईपर्यंत दाबून धरलं. जोडण्याआधी नाकातल्या शंकूत गळाला लावायचे शिशाचे गोळे भरले, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. दोन दिवस वाळू दिलं. मग वॉटर पेपर, 400, 800, 1200, पाण्यात बुडवून. तासाभरात सांध गेली. मी खूश होते.

बाबांनी मॉडेल हातात घेतलं आणि पाठीवरून अंगठ्याचं नख हळूच ओढलं. “इथली कुठे गेली?”

सांध घासताना मी पाठीवरची गोल रेघही घालवून बसले होते, सेंटीमीटरभर. ती गेल्याचं माझ्या चष्म्याला दिसलं नाही, त्यांच्या नखाला मात्र कळलं.

रेघ पुन्हा कोरणं हे या छंदातलं मला सर्वांत नकोसं काम. लेबलची जाड टेप धडाभोवती सरळ गुंडाळायची, तिच्या कडेला टेकवून सुईसारखं स्क्राइबर हलक्या हातानं दहा-बारा वेळा फिरवायचं. जोर दिला की सुई घसरते. माझी घसरली. ओरखडा सुपरग्लूनं भरला, घासला, पुन्हा टेप. दुसऱ्यांदाही घसरली, कारण गोल धड हातात फिरत होतं.

बाबांचा हात आता कापतो. पण रिकामा असताना. हातात वस्तू आली की थांबतो. त्यांनी टॉवेलची चुंबळ केली, धड तिच्यावर ठेवून दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, “तू फक्त सुई बघ. हलणार नाही.” हललं नाही. तिसऱ्या वेळी रेघ जुळली. तोवर रात्रीचा एक वाजला होता.

मग पावसानं अडवलं. दमट हवेत लॅकर मारला की रंगावर पांढुरकी धूसर साय येते आणि धातूच्या रंगावर ती लपत नाही. प्रायमर मारलेलं विमान महिनाभर डब्यात पडून होतं. 26 सप्टेंबरला चंदीगडचा निरोप समारंभ आम्ही टीव्हीवर बघितला. बाबा शेवटपर्यंत उभे होते. आईनं दोनदा बसायला सांगितलं. खंडेनवमीला त्यांनी पाटावर आपली जुनी कानस मांडली आणि शेजारी माझा रंग फवारायचा एअरब्रश. मला न विचारता.

दिवाळीच्या आधी हवा कोरडी झाली तेव्हा गच्चीत रंगकाम काढलं. आधी चकचकीत काळा, त्यावर अ‍ॅल्युमिनियम. मी सगळं विमान एकाच चंदेरी रंगात मारणार होते. बाबांनी थांबवलं. एक पत्रा दुसऱ्या पत्र्यासारखा दिसत नाही, म्हणाले. रोलिंगची, म्हणजे पत्रा लाटण्याची दिशा बदलली की चमक बदलते, शेपटीचा मागचा भाग तापून तपकिरी-निळसर पडतो. मग मास्किंग टेप लावून एकेक पॅनेल वेगळ्या छटेत मारलं. कुठलं गडद, कुठलं फिकं, ते बाबांनी ठरवलं, कागदावर न काढता, आठवणीतून. नाकातला शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं. तिथे धातू नसतो, रडारच्या आणि रेडिओच्या लहरी आरपार जाव्या लागतात.

शेवटी डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा आणि आकडे. नाकाजवळच्या क्रमांकासाठी बाबांनी ‘सी’नं सुरू होणारा एक नंबर सांगितला, जराही न अडखळता. तयार शीटवर तो नव्हता. प्रत्येक आकडा वेगळा कापला, कोमट पाण्यात सोडला, चिमट्यानं सरकवून बसवला, वर डेकल मऊ करायचं द्रावण लावलं. तिसरा आकडा वाकडा बसला होता. बाबांनी भिंग धरलं आणि मी ओल्या कुंचल्यानं तो केसभर वर ढकलला.

“आता बरोबर,” ते म्हणाले. त्या नंबरच्या विमानाचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. त्यांनी ते उचललं, शेपटीशी नख टेकवलं आणि आडव्या रेघेवरून पूर्ण गोल फिरवलं, पाठीवरून पोटाखाली आणि परत.

“हे बोल्ट मी लावले होते,” ते म्हणाले.