कुडूच्या शिंगाचे अडीच वेढे

गुहागरच्या आमच्या घरी पडवीत आजोबांच्या काळातील सांबराची शिंगे आहेत, आणि ती पाहत वाढल्यामुळे शिंग जितके मोठे तितके जनावर म्हातारे, अशी माझी समजूत होती. सांबराच्या बाबतीत ती खरी नाही, कारण त्याची शिंगे गळून पुन्हा फुटतात आणि उतारवयात उलट खुजी होत जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीस बंदी आहे आणि ती तशीच राहावी असे मला मनापासून वाटते. दक्षिण आफ्रिकेत मात्र परवानाधारक व्यावसायिक शिकाऱ्याच्या सोबतीने शिकार करता येते. बोटीवरच्या नोकरीतील एका जुन्या सोबत्याने येत्या जूनमध्ये तिकडे कुडूच्या, म्हणजे पिळदार शिंगांच्या एका मोठ्या आफ्रिकी कुरंगाच्या, शिकारीला बोलावले, तेव्हा शिंग वाचायला मी नव्याने शिकू लागलो.

कुडूमध्ये शिंगे फक्त नराला असतात आणि ती कधीच गळत नाहीत. पहिला वेढा साधारण दुसऱ्या वर्षी पुरा होतो, तर अडीच वेढे पूर्ण व्हायला सहा वर्षे लागतात. म्हणून मी इंचांच्या आधी टोके पाहतो. ती आत वळलेली असतील तर नर अजून वाढीचा आहे, त्याला सोडावे. शेवटचे वळण घेऊन ती बाहेरच्या बाजूला निघाली असतील, तर पुढचा विचार करावा. टोके झिजून बोथट झालेला, मानेने जाड असा म्हातारा नर इंचात थोडा कमी भरला तरी माझ्या दृष्टीने तोच खरा मानाचा.

तरीही मापाकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण वाटाड्याशी बोलणे त्याच भाषेत होते. रोलंड वॉर्डच्या, म्हणजे शिकारीतील मोठ्या शिंगांची मापे नोंदवणाऱ्या पुस्तकाच्या, नोंदींत यायला या कुडूचे शिंग किमान ५३ ७/८ इंच लागते, आणि हे माप सरळ उंचीचे नसून वेढ्यावेढ्याने फिरणाऱ्या कडेवरून घेतलेले असते. नेमके इथेच डोळा फसतो. हे समजून घेण्यासाठी मी ५४ इंच सुंभाचे दोन तुकडे कापले. एक दीड इंच जाडीच्या काठीला आणि दुसरा चार इंची पाइपाला, असे अडीच-अडीच वेढे देऊन गुंडाळले. काठीवर सुंभ जवळजवळ ५३ इंचांपर्यंत पोचला, पाइपावर मात्र ४४ इंचांतच संपला. दोन्ही वाडीच्या पलीकडच्या गडग्याला उभे करून दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा लांबी सारखीच आहे हे ठाऊक असूनही मला काठीच मोठी वाटत राहिली. म्हणजे उंच पण अरुंद वेढ्याचे शिंग भुलवते आणि रुंद, खोल वेढ्याचे शिंग आपली लांबी लपवते.

आणखी दोन गोष्टींनी अंदाज चुकतो. पाठमोऱ्या जाणाऱ्या नराची शिंगे नेहमीच मोठी भासतात. शिवाय दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील कुडू अंगाने लहान असल्याने तीच शिंगे त्याच्यावर अधिक भरदार दिसतात; त्यामुळे जिथे जायचे, तिथल्याच जनावरांची छायाचित्रे आधी पाहावीत.

वाटाडा जाणकार असतो, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे धाकट्या भावाने विचारले. वाटाडा फक्त सुचवतो, बार काढणारा हात माझा असतो. आणि एकदा रक्त सांडले की जनावर हाती लागो न लागो, त्याचे पैसे भरावे लागतात हा तिकडचा सर्वसाधारण रिवाज आहे. पैशांपेक्षाही, पाच वर्षांचा वाढता नर माझ्या उतावळेपणाने पडला तर ते मला सोसणार नाही. म्हणून आता भाऊच रोज संध्याकाळी गडग्यापाशी कधी दोन, कधी अडीच वेढ्यांची काठी उभी करतो, दहापर्यंत मोजून खाली घेतो आणि मग विचारतो, "दादा, मारायचा की सोडायचा?" काल आठपैकी सहा वेळा माझे उत्तर बरोबर आले, चुकलेल्या दोन्ही वेळा मी "मारायचा" म्हटले होते.