चिठ्ठी आधी, द्रावण नंतर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या समितीने मला "ध्येयवादी जीवन" असा विषय दिला आणि खरं सांगायचं तर बरेच दिवस मी टाळाटाळ केली, कारण ध्येय म्हटलं की आपल्याकडे कलेक्टर, शास्त्रज्ञ नाहीतर बॉर्डरवरचा जवान डोळ्यापुढे येतो आणि मी एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे. डॉक्टर व्हायचं होतं, बारावीला तेवढे मार्क पडले नाहीत आणि घरी पैसेही नव्हते म्हणून डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलं, एवढी साधी गोष्ट. समितीतला आमचा वर्गमित्र म्हणाला लिही गं, सगळे इंजिनिअर आणि पीएसआयच लिहितायत. म्हणून लिहितेय.

आपली शाळा रयत शिक्षण संस्थेची, त्यामुळे २२ सप्टेंबरला संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीचं भाषण आपण सगळ्यांनी कधी ना कधी ठोकलेलं आहे. वहिनींनी, म्हणजे कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, बोर्डिंगातल्या पोरांसाठी मंगळसूत्र मोडलं हे वाक्य आलं की आवाज कसा चढवायचा हेसुद्धा पाठ होतं. पण अण्णांची, म्हणजे कर्मवीरांची, मला आता जास्त आवडणारी गोष्ट भाषणात क्वचित यायची, ती म्हणजे ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरायचे. नांगर विकायला शेतकऱ्याच्या दारात जायचं म्हणजे त्या घरातली पोरं शाळेत जातात का नाही हे रोज डोळ्यानं बघणं आलंच ना. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात संस्था निघाली ती काही हवेतून आली नाही. हे माझं मत आहे, इतिहासाच्या सरांनी रागावू नये.

मला शाळेनं काय दिलं विचाराल तर मी विज्ञानाच्या बाईंचं नाव घेईन (नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, बॅच ९८ ला कळेल). प्रयोगशाळेत त्यांचा एकच धाक, परीक्षानळीवर आधी कागदाची चिठ्ठी डिंकाने चिकटवायची, त्यावर लिहायचं आणि मगच आत काही ओतायचं. चिठ्ठी आधी, द्रावण नंतर. बिनचिठ्ठीची नळी दिसली की सरळ मोरीत ओतून द्यायच्या, तुम्ही आईची शप्पथ घेऊन सांगितलं बाई मला माहितीये यात काय आहे, तरी. "माहितीये म्हणजे काय? चिठ्ठी दाखव." आम्ही मागे त्यांना चिठ्ठीबाई म्हणायचो.

आता माझं काम काय तर दिवसभर नळ्या आणि चिठ्ठ्या. रक्त चढवण्यात जे जीवघेणे घोळ होतात ना, त्यातले बरेचसे मशीनमुळे किंवा केमिकलमुळे होत नाहीत, एकाच्या सॅम्पलवर दुसऱ्याचं नाव पडल्यामुळे होतात. म्हणून वॉर्डातून सॅम्पल आलं की नाव, नंबर, तारीख, सही, एक जरी गोष्ट नसली तरी मी ते परत पाठवते आणि सिस्टर वैतागतात, नातेवाईक खिडकीवर आरडाओरडा करतात की "मॅडम तिकडं माणूस मरायला टेकलंय, एक बाटली द्यायला तुमचं काय जातंय". त्यांचंही बरोबर असतं. पण नळी परत जाते.

सुरुवातीची काही वर्षं मात्र हे सगळं मी निव्वळ नोकरी म्हणूनच केलं, उगाच मोठेपणा कशाला सांगू. पेशंट बरा झाला की पेढे डॉक्टरांना, आमच्या खिडकीवर फक्त पावती. फरक पडला तो थॅलेसेमियाच्या (रक्ताचा जन्मजात आजार) वॉर्डात पिशव्या घेऊन जायला लागल्यावर. या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, कायमचं. तिथं एक मुलगा होता, तो पिशवीवरचं लेबल स्वतः वाचायचा, ग्रुप, तारीख, एक्सपायरी, सगळं मोठ्याने, आणि मगच हात पुढे करायचा. कोणी शिकवलं होतं कोण जाणे. मी रात्री टाइप केलेलं लेबल कोणीतरी वाचतंय, आणि वाचणारा सातवीत आहे, हे बघितल्यावर त्या लेबलाकडं बघायची माझी नजर बदलली ती बदललीच. त्यामुळे पॅशन शोधा, मग काम करा असं सांगणारे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर येतात तेव्हा मला जरा हसू येतं. मला आधी काम मिळालं, ते कोणासाठी आहे हे खूप नंतर दिसलं, आणि दिसलं तेसुद्धा कोणीतरी मला खिडकीमागून उठवून वॉर्डात पाठवलं म्हणून.

एक प्रसंग सांगते. नाइट ड्युटी, सकाळच्या ऑपरेशनसाठी एका बाईंचं सॅम्पल आलं, जुन्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह. निळं अँटी-ए टाकलं, पिवळं अँटी-बी टाकलं (रक्तगट ओळखायची ही द्रावणं), कशातच गुठळी नाही, म्हणजे ओ. इथं थांबलं तरी चालतंय असं पहाटे तीन वाजता कोणालाही वाटेल, पण उलटी तपासणी पण करायची असते, पेशंटचं सिरम घेऊन ते आपल्याकडच्या ए, बी आणि ओ पेशींबरोबर. ओ पेशी तिथं शांत राहायला पाहिजेत. नळी हलवली तर ओ मध्येसुद्धा ढळढळीत गुठळी. परत केलं, परत तेच. पेशंटच्या पेशींना अँटी-एच (ओ पेशींवर असतो तो एच घटक ओळखणारं द्रावण) लावून बघितलं, काहीच नाही. बॉम्बे ग्रुप! १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला, आपल्या देशात साधारण १० हजारांत एकाचा असतो, आणि या माणसाला ओ चं रक्तसुद्धा चालत नाही, फक्त बॉम्बेचंच. पुढे क्रॉसमॅचला (डोनरचं आणि पेशंटचं रक्त जुळतं का ते बघायची तपासणी) ते सापडलं असतंच, पण ऐन ऑपरेशनच्या तोंडावर. बाईंचे मिस्टर म्हणत होते, अहो मॅडम कार्डावर लिहिलंय की ओ, आम्हाला माहितीये. मला एकदम मोरीत ओतलेली नळी आठवली. ऑपरेशन पुढे ढकललं, फोनाफोनी झाली, दुसऱ्या जिल्ह्यातला एक डोनर एसटीने आला, रक्त दिलं, चहा-बिस्कीट खाल्लं आणि पेशंटला न भेटताच परतीची गाडी पकडली, कामावर खाडा नको म्हणून.

आमच्या सीनियर सांगायच्या, पूर्वी काही ठिकाणी रक्तपेढीच्या गेटवर पैसे घेऊन रक्त देणारे बसलेले असायचे, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. तेव्हापासून सगळी मदार त्या एसटीने आलेल्या डोनरसारख्या लोकांवर. आणि ती मदार मे महिन्यात डगमगते, कॉलेजला सुट्टी, लग्नसराई, ऊन, शिबिरं बंद. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस, त्यामुळे गणपतीत आणि जयंत्यांना धो धो जमवून मे साठी ठेवता येत नाही.

शिबिरात मला सगळ्यात जास्त काय टोचतं तर मुलींची रांग. उत्साहाने येतात, आणि निम्म्या रांगेला मला परत पाठवावं लागतं, हिमोग्लोबिन १२.५ पाहिजे आणि भरतं १०, कधी ९. आता मीटर आले, पण आधी आम्ही मोरचुदाच्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडायचो, बुडाला तर पास, तरंगला तर नापास. तोच निळा मोरचूद, बाईंच्या कपाटातला. मुली तो तरंगणारा थेंब बघायच्या आणि हसत उठून जायच्या, ताई नंतर येते म्हणून. त्या नंतर येत नाहीत. शाळेत आठवड्याला निळी लोहाची गोळी मिळते ती बेंचखाली जाते हे मला माझ्या भाचीकडून कळलंय, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की लोह अंगी लागत नाही हे घरात कोणी ऐकून घेत नाही.

तर मुख्याध्यापक सरांशी बोलणं झालंय. या सुवर्णमहोत्सवी वर्षात २२ सप्टेंबरला शाळेत शिबिर घ्यायचं आणि त्याच दिवशी आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासायचं, त्याचा कागद मुलीच्या हातात न देता आईला बोलवून द्यायचा. आठवड्याच्या गोळीचं काय करायचं ते शाळेतल्या मॅडम बघणार आहेत. माजी विद्यार्थ्यांनी १८ ते ६५ वय, ४५ किलोच्या वर वजन असेल तर यावं, बीपीची किंवा दुसरी काही गोळी चालू असेल तर आधी सांगावं, लपवू नये. सकाळी नाश्ता करून या, जयंतीची मिरवणूक करून उपाशीपोटी येऊन चक्कर येणारे आमच्याच बॅचचे असतात. आणि सामानाची काळजी करू नका, शिबिराचा सगळा सेटअप आम्ही आणतो, शाळेकडून फक्त दोन हवेशीर खोल्या आणि बाकं लागतील.