पैसे डिलिव्हरीआधी मिळतात, गरज डिलिव्हरीनंतर लागते

"ताई, मला पण तुमच्यासारखं काहीतरी सुरू करायचंय, कुठला कोर्स करू?" गर्भवतींसाठी आणि बाळंतिणींसाठी मी जे काम करते ते बघून असे मेसेज हल्ली बरेच येतात आणि प्रत्येकीला तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागलीत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कोर्सचं शेवटी सांगते, कारण खरं सांगू का, कोर्स हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. आधी अकाउंट्समध्ये होते. माझं बाळ झालं तेव्हा त्याचं वजन विचारणारे सतरा जण होते आणि माझे टाके कसे आहेत हे विचारणारं कोणी नव्हतं, तिथून हे डोक्यात बसलं. गंमत म्हणजे एवढं सगळं स्वतः भोगून झाल्यावर मी सुरू काय केलं, तर डिलिव्हरीच्या आधीचे क्लासेस! श्वासाचे व्यायाम, कळा कशा येतात, बॅगेत काय काय भरायचं वगैरे. क्लासेस चाललेही मस्त, बॅच भरायच्या, मी खूश. आणि मग एकेकीची डिलिव्हरी व्हायला लागली आणि फोन सुरू झाले.

रात्री दोनला, पहाटे चारला. दूध येत नाहीये, दूध जास्त येतंय, बाळ झोपतच नाही, बाळ उठतच नाही, मला सारखं रडू येतंय. कोर्स संपलेला, पैसे घेऊन झालेले, आणि खरं काम आत्ता कुठे सुरू होतंय. जुन्या सवयीने मी एक्सेल उघडलं आणि महिन्याभराचे सगळे कॉल त्यात टाकले. वेळ जात होता बाळंतिणींवर आणि पैसे येत होते गर्भवतींकडून. हे कळायला मला अख्खं वर्ष लागलं आणि या धंद्यातलं माझं सगळं शहाणपण जवळपास एवढ्या एका ओळीतच आहे.

विचार केला तर असं होणारच. गरोदरपणात बाईकडे उत्साह असतो, थोडा वेळ असतो, आणि सगळ्यांचं लक्षही असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली गरोदरपणात किमान 8 वेळा तपासणी व्हावी असं सांगितलं. डिलिव्हरीनंतरचं त्यांचं 2022 चं मार्गदर्शन बघा, दवाखान्यात किमान 24 तास, आणि मग निदान तीन भेटी, 48 ते 72 तासांच्या मधे, 7 ते 14 दिवसांच्या मधे आणि सहाव्या आठवड्यात. म्हणजे कागदावर सगळं नीट झालं तरी मधे मोठमोठी भगदाडं राहतात आणि नेमकं त्यातच सगळं घडतं. दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भरून येतं, रडूही बऱ्याच जणींना त्याच सुमाराला फुटतं, बाळाचं वजन आधी थोडं उतरतं आणि परत जन्माच्या वजनावर यायला दोनेक आठवडे जातात, आणि तोवर घरातल्या प्रत्येकाचं त्या वजनावर एक मत तयार झालेलं असतं.

मग मी बाळंतपणानंतरचं वेगळं पॅकेज काढलं. एकीनेही घेतलं नाही, शप्पथ. आधी विचारलं तर "बाळ होऊ दे, मग बघू" आणि नंतर विचारायची सोयच नाही कारण चार तासांची सलग झोप न मिळालेल्या बाईला पॅकेज कसलं दाखवताय. शेवटी क्लासेस निम्मे केले, आणि त्याच फीमध्ये तिसऱ्या दिवशी फोन, पहिल्या आठवड्यात घरी भेट, मग दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात भेट असं सगळं बांधून टाकलं. या भेटी डॉक्टरांच्या तपासणीच्या ऐवजी नाहीत हे पहिल्या दिवशीच सांगते आणि लिहूनही देते. लोक क्लास घेतायत असं समजूनच पैसे देतात. देऊ देत. दुसऱ्या आठवड्यात त्यांना कळतं आपण काय विकत घेतलंय ते.

आता माझी चूक सांगते, कारण यशाच्या गोष्टी सगळेच लिहितात. सुरुवातीच्या काळात एकीचा मेसेज आला, डिलिव्हरीला आठ दिवस झालेले, डोकं भयंकर दुखतंय आणि डोळ्यासमोर काजवे चमकतायत. मी लिहिलं, झोप नाही ना झालेली, बाळाला सासूबाईंकडे दे आणि दोन तास पड. पाठवलं आणि निवांत बसले. माझ्यासोबत एक रिटायर्ड नर्स काम करतात, त्यांना सहज बोलता बोलता सांगितलं तर त्या ताडकन उठल्या. "अगं फोन कर तिला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायला सांग." बीपी खूप वाढलेलं होतं. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी धोकादायक वाढण्याचा आजार, बाळंतपण झाल्यावरसुद्धा होऊ शकतो, सहा आठवड्यांपर्यंत, आणि गरोदरपणात बीपी नॉर्मल असलेल्या बाईलाही होऊ शकतो, हे मला माहीतच नव्हतं. ती बरी झाली. मला मात्र पुढचे कित्येक दिवस आपलाच मेसेज आठवून पोटात गोळा यायचा.

त्यानंतर एक लाल कार्ड बनवलं जे घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर जातं, फक्त तिच्या नाही, कारण तिला स्वतःला कळेलच असं नाही. तासाभरात पूर्ण पॅड भिजणं, 38 डिग्री किंवा जास्त ताप, न थांबणारी डोकेदुखी किंवा अंधुक दिसणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटणं. यातलं काहीही असेल तर मला मेसेज करायचा नाही, सरळ दवाखाना. मी काय आहे यापेक्षा मी काय नाही हे ठरवायला जास्त वेळ द्या, म्हणजे अशी वेळ येणार नाही. मी बीपी बघून मत देत नाही, औषध सुचवत नाही, "माझ्या एका क्लायंटला पण असंच झालेलं" हे वाक्य तर तोंडातून काढायचंच नाही असं टीमला सांगितलंय.

मनाच्या बाबतीतही तेच. एडिनबर्ग स्केल म्हणून एक प्रश्नावली आहे, 1987 ची, 10 प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, एकूण 30 गुण. ही भरून घेतली म्हणजे डिप्रेशनचं निदान झालं असं नाही, पुढे कोणाला दाखवायचं एवढं त्यातून कळतं. आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, त्याला "कधीच नाही" सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी हालचाल करायची. ही प्रश्नावली वापरण्याआधी कोणाकडे पाठवणार हे ठरलेलं हवं. डॉक्टरांचे नंबर नाहीत आणि प्रश्न मात्र विचारून ठेवलेत, याला काही अर्थ नाही.

अजून एक गोष्ट जी कुठल्याच बिझनेस प्लॅनमध्ये नसते. माझी एक ऑटोमॅटिक मेसेजची सिस्टीम होती, "अभिनंदन, बाळ आता एक महिन्याचं झालं" वगैरे. तो मेसेज एका अशा आईला गेला जिचं बाळ जन्मानंतर दोन दिवसांनी गेलं होतं. मला माहीत होतं, सिस्टीमला माहीत नव्हतं. त्यावर मी जास्त लिहू शकत नाही. आता तारखांचे सगळे मेसेज माणूस पाठवतो, आणि बाळ गेलं तर पूर्ण पैसे न मागता परत जातात आणि ज्या भेटी ठरलेल्या होत्या त्या हव्या असतील तर होतात. तिलाही दूध येतं हो, कोणी सांगितलेलंच नसतं.

पैशांच्या बाजूने सांगायचं तर मोह खूप आहेत. एका कंपनीचा माणूस बाळाच्या दूध पावडरीचे फुकट सॅम्पल माझ्या बॅचमध्ये वाटायला आला होता, वर प्रत्येक आईमागे कमिशन. भाड्याची तारीख जवळ होती, आकडा चांगला होता, मी दोन दिवस विचार केला हे कबूल करते. पण दूध पावडरीच्या जाहिराती-विक्रीबद्दल 1981 ची आंतरराष्ट्रीय संहिता आहे ती आयांना असे सॅम्पल वाटू नका असंच म्हणते, आणि सगळं सोडा, दूध कमी पडतंय म्हणून रडणाऱ्या बाईला मी उद्या जे सांगेन त्यात कमिशन किती हा प्रश्न मलाच पडला असता. पावडर देणाऱ्या आईला मी कधी नावं ठेवत नाही, देतात, द्यावी लागते, पण विकणारी मी नको.

आता टिकायचं कसं? घरोघरी जाऊन एका बाईचं काम कधीच भागत नाही, दिवसाला तीन भेटी झाल्या की मी संपते. म्हणून ग्रुप. एकाच महिन्यात तारीख असलेल्या आठ-दहा जणी एकत्र. ही काही माझी अक्कल नाही, अमेरिकेत 1990 च्या दशकापासून काही ठिकाणी गरोदरपणाची तपासणीच अशी गटात करतात. आणि बांगलादेश, भारत, मलावी, नेपाळ इथल्या महिला गटांवरच्या सात अभ्यासांचा एकत्र आढावा 2013 मध्ये आला होता, जिथे गर्भवतींपैकी निदान 30 टक्के जणी गटात यायच्या तिथे नवजात बाळांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. क्लास किती भारी यापेक्षा किती जणी येतात हे महत्त्वाचं, असं मी तरी त्यातून घेतलं. म्हणून दर बॅचमध्ये दोन जागा फीशिवाय आहेत आणि त्या कोणाच्या हे मी सोडून कोणाला माहीत नसतं. कंपन्यांच्या एचआरकडे आत्ता कुठे जायला लागलेय, कारण पैसे देणारी व्यक्ती बाळंतीणच असली पाहिजे असं कुठे लिहिलंय. अजून एकच कंपनी हो म्हणालीये. तीन जणांनी "छान उपक्रम आहे" म्हटलं, आणि त्याचा अर्थ नाही असा असतो.

हां, कोर्स. डूलाचा (म्हणजे बाळंतपणात आईसोबत राहून आधार देणारीचा) करा, स्तनपान सल्लागाराचा करा, जो मान्यताप्राप्त आणि प्रॅक्टिकल असलेला मिळेल तो करा. पण आधी कोणा एकीकडे सहा आठवडे फुकट जा आणि कमी बोला. मलाही अजून ते नीट जमत नाही, माझी टीम सांगेल.

चला, अकरा वाजत आले, एकीचा आज तिसरा दिवस आहे, फोन करायचाय.