अशा बसून न्हाई येत गं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या कथा वाचणारं कुणी भेटलं की हा प्रश्न ठरलेला : "रोज सकाळी दीड तास वेताळ टेकडीवर जाता. तोच वेळ लिहायला दिलात तर?"

दिला होता. मागे घोट्याचं हाड मोडलं, दोन महिने पाय प्लास्टरमध्ये. वेळच वेळ. एक कथा अर्ध्यावर होती, ती अर्ध्यावरच राहिली. टेबलाशी बसून आधीची वाक्यं घासूनपुसून लख्ख केली, पुढचं एकही सुचलं नाही.

त्या दिवसांत आजीची फार आठवण यायची. आजी मुळशीची. शाळेत असताना मी तिच्या ओव्या उतरवून घ्यायला बसले होते. वही उघडली, म्हटलं, सांग. दोन सांगितल्या, तिसरीला अडली. "अशा बसून न्हाई येत गं," म्हणाली आणि उठून जात्यापाशी गेली. एक पाय लांब केला, खुंटा ठोकून घट्ट केला, मूठभर नाचणी वैरली. पहिले काही फेरे नुसती घरघर. मग ओवी आली, तिच्यामागून दुसरी, आणि माझी पेन्सिल मागे पडली. हात लांब गेला की सूर लांबायचा, खुंटा छातीशी आला की शब्द थांबायचा. मधेच एका ओवीत, सासरी गेलेल्या लेकीच्या जागी, तिनं माझं नाव घातलं. ती ओवी तिला पाठ नव्हती. तिथंच, त्या फेऱ्यात झाली होती.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या तशी जाती कोपऱ्यात गेली. बायकांचे खांदे सुटले, ते फार बरं झालं. पण ओव्याही त्याच कोपऱ्यात गेल्या.

२०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी चालण्याचं आणि सुचण्याचं नातं मोजून पाहिलं. रोजच्या वापरातल्या वस्तूचे वेगळे उपयोग सांगा, असं काम दिलं. बसून आणि चालताना. चालताना सुचणं सरासरी ६० टक्क्यांनी वाढलं, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांचंही. मात्र एकच नेमकं उत्तर असलेल्या कोड्यांना चालण्याचा उपयोग झाला नाही. हे मला अगदी पटतं. टेकडीवर वाक्य येतं, पण ते कच्चं असतं. त्यातला नेमका शब्द बसूनच शोधावा लागतो.

म्हणून फोन घरी ठेवून निघते. चढ सुरू होतो तेव्हा डोक्यात दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर. दम लागला की हे सगळं एकेक करून गळतं. खाणीच्या कडेनं सपाटीवर आले की श्वास पावलांशी जुळतो, मोर ओरडतात, आणि कथेतलं कुणीतरी बोलायला लागतं. ते विसरू नये म्हणून त्यातले तीन शब्द तीन बोटांना देते आणि मूठ मिटून उतरते. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर दुसरा हात हलवते.

आज 'उंबरा', 'ओलं' आणि 'मामी' असे तीन आणलेत. मामी उंबऱ्यावर थांबते की ओलांडून आत येते, ते अजून ठरायचंय.